उजवा गाल

दाढी मी उजवीकडून सुरू करतो.
बापाची सवय. त्याच्या बापाचीही असेल.
म्हणून दस्तगीरमामांचा उजवा गाल
त्यांच्या बायकोपेक्षा मीच जास्त पाहिलाय.

एकतीस वर्षं एसटीचं स्टेअरिंग,
शेवटची अकरा कराड–सांगली, दुपारी एकची.
ड्रायव्हरची खिडकी उजव्या हाताला,
आणि इस्लामपूर सोडलं की ऊन
तिकीट न काढता आत येऊन बसायचं,
मांडीवर, कोपरावर, गालावर.
रिटायर झाले तेव्हा चेहरा दोन माणसांचा होता.
डावा अजून चाळिशीत,
उजवा जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखा.
आम्ही हसायचो. तेही.

कल्ल्याखाली एक ठिपका, मिरीएवढा,
काळसर, पण कडेला तकाकी,
ओल्या करवंदावर असते तशी.
चामखीळ असेल, म्हणालो.
म्हणाले, असंल.

मग एका गुरुवारी रक्त आलं.
तुरटी फिरवली, कागदाचा कपटा चिकटवला, माफी मागितली.
पंधरा दिवसांनी पुन्हा.
ब्लेड बदललं. कंपनी बदलली.
रात्री दिव्यासमोर हात धरून पाहिला, थरथरतो का.
सांगलीला जाऊन चष्म्याचा नंबर काढला.
इतक्या वर्षांत कुणाच्या गालावर मी सही केली नव्हती
आणि इथं एकाच जागी, दर पंधरवड्याला.
मामी हळद भरायच्या.
खपली धरायची, निघायची, धरायची.
मधे खड्डा पडला, भोवतीची कड उचलली,
तव्यावरच्या भाकरीची उचलते तशी.

सहा महिने मी त्यांची दाढी फुकट केली,
अपराधी म्हणून.

मग मामा लेकीकडं विजापूरला गेले.
दीड महिन्यानं आले ते दाढी वाढवून.
खुर्चीत बसवलं, केस बाजूला सारले.
खाली जखम. ओली. तशीच.
दीड महिना तिथं कुणाचंच पातं लागलं नव्हतं.

"मामा, ह्यो मी न्हवं."

एवढंच बोललो. शटर ओढलं
आणि दोघं मिरजेच्या गाडीत बसलो.

मगदूम मॅडमनी भिंगातून पाहिलं,
इवलासा तुकडा तपासायला धाडला.
आठ दिवसांनी नाव आलं, बेसल सेल कार्सिनोमा.
मी ते पाठ केलं थांब्यांसारखं,
आष्टा, तुंग, डिग्रज.
कॅन्सर म्हटल्यावर मामा भिंतीकडं बघायला लागले.
मॅडम म्हणाल्या, हा हळू चालतो,
सहसा लांब जात नाही,
पण बसल्या जागी खातो. कातडी, मग कुर्चा, मग हाड.
अजून वेळ आहे, कापून निघेल.

मी विचारलं, सावळ्या माणसांना होत नाही ना हे?
म्हणाल्या, कमी होतं.
म्हणूनच तर उशिरा येतात.

आणि जाताना, माझ्याकडं बघून,
तुमच्या वस्तऱ्याचा दोष नाही.
मला सुटल्यासारखं वाटलं.
मामा टेबलावर आडवे होते, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.
हे कुणाला सांगितलेलं नाही.

आता तिथं बोटभर पांढरी रेघ आहे.
केस उगवत नाहीत. वस्तरा तिथवर जातो,
उचलतो, पलीकडं टेकतो.
मामा परड्यात जातानासुद्धा रुंद टोपी घालतात,
मामी म्हणतात, साहेब आले.

आणि मला खोड लागलीय.
गिऱ्हाइकाचे कान मागून बघतो, मानेची घडी,
टकलाचा माथा.
महिन्याभरात न भरलेलं काही दिसलं
की तुरटी डब्यात ठेवतो,
मिरजेच्या गाडीची वेळ सांगतो.
दोघं चिडून दुसऱ्या दुकानात गेले.

काल एकच्या गाडीचा नवा ड्रायव्हर आला होता.
सत्तावीसचा असेल, बाह्या कोपरावर दुमडलेल्या.
मी सांगत होतो, तो मोबाइल बघत होता.
म्हणाला, काका, आमचा रंग आणि काय जळणार?

मी साबण लावला.
उजवीकडून सुरू केलं.
अजून काही नाही तिथं.
पैसे देताना त्याचा हात धरला
आणि उजवी बाही
मीच मनगटापर्यंत खाली ओढली.